सहा वाजताचा पडदा

नलिनीबाईंचा उजवा खांदा आखडला, तेव्हा त्यांच्या हाताला सर्वांत आधी जड झाली ती खिडकीच्या पडद्याची साखळी. पौडमधल्या त्यांच्या दोन खोल्यांच्या घराला गल्लीच्या बाजूने, पूर्वेकडे, एकच मोठी खिडकी होती. तिला वर गुंडाळत जाणारा रोलरचा पडदा होता आणि त्याच्या कडेला पांढऱ्या मण्यांची साखळी लोंबत असे. ती ओढली की पडदा वर जाई आणि उजेड पलंगाच्या पायथ्याशी हळूच येऊन बसे. आता हात छातीच्या वर उचलला की बाईंच्या डोळ्यांत पाणी येई. तहसील कचेरीत एकतीस वर्षे जुनी दप्तरे सांभाळून त्या निवृत्त झाल्या होत्या, आणि इतक्या वर्षांत वरच्या फळीवरची एक फाइलही त्यांनी दुसऱ्याला काढायला सांगितली नव्हती.

त्यांचा मुलगा रत्नदीप नांद्याला भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकटा राहत होता. हिंजवडीच्या एका कंपनीत, इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणे हे त्याचे काम. वडील गेल्यावर माय-लेकांत एक बोलणे झाले होते. ज्या दिवशी घरातले एखादे काम आईला एकटीने जमणार नाही, त्या दिवशी तिने नांद्याला यायचे. आईने हो म्हटले होते. पण तो अकरावा मजला, जिथे शेजारच्या दाराची ओळख एवढीच की त्यावर क्रमांक आहे, तिला मनातून नको होता, आणि हे त्याला ठाऊक होते.

म्हणून जानेवारीतल्या एका संध्याकाळी फोनवर ती बोलून गेली की पडदा ओढताना हल्ली जीव जातो, आणि लगेच गप्प झाली, तेव्हा त्या गप्प होण्याचा अर्थ त्याला कळला. ठरलेल्या गोष्टीची आठवण करून देण्याची हीच वेळ होती. त्याने ती दिली नाही. एवढा खांदा दुखतो, तर पडदा एखादा दिवस खालीच का ठेवत नाहीस, हेही विचारले नाही. बोलण्यापेक्षा हातांनी काही करणे त्याला नेहमीच सोपे जाई. तो रविवारी एक छोटी मोटर घेऊन आला.

मोटर खिडकीच्या चौकटीशेजारी भिंतीला बसवायची, साखळी तिच्या दातेरी चाकावर चढवायची, आणि वर कुठवर जायचे, खाली कुठवर यायचे, हे तिला एकदा शिकवायचे, एवढेच काम होते. पण मणी आणि दाते जुळेनात. पडदा अर्ध्यावर जाई आणि साखळी कटकट करत घसरे. सबंध दुपार रत्नदीप फरशीवर बसून बारीक कानशीने एकेक दाता घासत राहिला. आईने ठेवलेल्या चहावर साय धरली. चारच्या सुमारास पडदा पहिल्यांदा न अडखळता वर गेला, आणि हिवाळ्याचे फिकट ऊन सांडलेली गल्ली त्या दोघांसमोर सावकाश उलगडत गेली.

आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “आमच्या कचेरीतला हैबतराव शिपाई अशाच चालीनं फाइल आणायचा.”

त्याने पलंगाजवळच्या भिंतीवर, तिचा हात सहज पोहोचेल अशा उंचीवर, बटण चिकटवले. तेवढ्यावर थांबला असता तर बरे झाले असते. पण जाण्यापूर्वी त्याने मोबाइलवर वेळाही लावून दिल्या. रोज सकाळी सहाला पडदा वर, दहाला ऊन पलंगावर येते तेव्हा अर्धा खाली, संध्याकाळी पूर्ण बंद. आईला बटण दाबण्याचेही कष्ट नकोत. आणि सहाला त्याच्या मोबाइलवर एक निरोप येईल, त्याचे शब्दही त्याने स्वतःच लिहिले: आईचा पडदा उघडला.

निघताना समोरच्या ओट्यावर गोजराबाई तांदूळ निवडत बसलेल्या दिसल्या. गल्ली जेमतेम दहा पावलांची. पण त्या घरात आणि या घरात दोन वर्षांचा अबोला होता. बुद्धपौर्णिमेला विहारात खीर ढवळायला गोजराबाई होत्या आणि चारचौघांत नलिनीबाई म्हणाल्या होत्या की खीर खाली लागलीय. एवढेच झाले होते. रत्नदीपने ‘जय भीम’ म्हटले. गोजराबाईंनीही म्हटले, खिडकीकडे एकदा पाहिले आणि पुन्हा तांदळात मान घातली.

पुढचे तीन आठवडे सहाच्या ठोक्याला निरोप येत राहिला. रत्नदीप तो अंथरुणातच वाचे आणि पुन्हा डोळे मिटून घेई. पूर्वी तो सकाळी फोन करत असे. आता त्याची गरज वाटेनाशी झाली. पडदा उघडला म्हणजे आई उठली, आई उठली म्हणजे ती बरी आहे. हा दिलासा इतका मऊ होता की त्याला कधी तपासून पाहावेसे वाटले नाही.

एका गुरुवारीही निरोप आला. दुपारी साडेबाराला अनोळखी नंबरावरून फोन आला. आवाज गोजराबाईंचा होता.

“रत्न्या, ये. जिवाला काय न्हाई. पर ये.”

तो पौडच्या दवाखान्यात पोहोचला तेव्हा आईच्या डाव्या घोट्याला प्लास्टर घालून झाले होते. पहाटे साडेपाचला न्हाणीच्या उंबऱ्यावर तिचा पाय घसरला होता. सरपटत ती खोलीच्या मध्यापर्यंत आली. मोबाइल फळीवर होता, बटण भिंतीवर. दोन्ही तिच्या हाताला न लागणाऱ्या उंचीवर. थंड फरशीवर ती साडेसहा तास पडून होती. हे तिने कुणा दुसऱ्याचे घडलेले सांगावे तसे सांगितले. मग छताकडे बघत म्हणाली,

“सहाला पडदा वर गेला, आणि मला कळलं, आता कुणी येणार नाही.”

रत्नदीपला काही उमगले नाही. त्याने दाराकडे पाहिले. तिथे गोजराबाई उभ्या होत्या, पदर खांद्यावर घट्ट ओढून.

“पडदा खाली ऱ्हायला तर सातला मी दार वाजीवनार, हे तिला ठावं हाय,” त्या त्याला म्हणाल्या. “बोलणं न्हाई म्हून मी काय डोळं फोडून घेतलं व्हय? हातानं वढायची तवा तीन हिसक्यांत जायचा. खांदा लई दुकत आसला की पाच. अन आता बघावं तर रोज एका दमात, सहाच्या ठोक्याला, कचेरीवरल्या झेंड्यागत. म्हनलं, खांदा बरा झाला बाईचा. आज दुधाची पिशवी कडीला लोंबत व्हती. पर पडदा वर. म्हनलं, उठलीया, दूध घ्यायचा कंटाळा केला आसंल. मी कशापायी इचाराया जाऊ?”

दुपारपर्यंत पिशवी तशीच राहिली, तेव्हा मात्र त्यांना राहवले नाही. हाका मारल्या, गल्लीतल्या दोघांना बोलावून कडी तोडायला लावली. हे सारे रत्नदीप ऐकत राहिला. दुखरा खांदा घेऊन आई रोज पडदा का ओढत होती, हे त्याला आता समजले. दोन बायका दोन वर्षे एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या आणि रोज सकाळी एकमेकींना ‘मी आहे’ असे सांगत होत्या. त्या सांगण्याच्या मधोमध त्याने एक यंत्र आणून बसवले होते. कधीही आजारी न पडणारे, कधीही न घसरणारे. दिवसभर इतरांच्या चुका शोधणाऱ्या त्या मुलाने ‘आईचा पडदा उघडला’ हे स्वतः लिहिलेले वाक्य तीन आठवडे ‘आई उठली’ असे वाचले होते.

शनिवारी आई घरी आली. सुतार नवे कुलूप बसवून, दोन किल्ल्या देऊन गेला. रत्नदीपने कपाटाखालची बॅग काढली आणि आईची लुगडी त्यात ठेवायला घेतली. ठरले होते तसेच होत होते. आई पलंगावरून एकेक लुगडे घडी घालून त्याच्याकडे देत होती, आणि तिचे हे निमूट देणेच त्याला सर्वांत असह्य होत होते.

तेवढ्यात गोजराबाई भाकरी आणि मुगाच्या आमटीचे भांडे घेऊन आल्या. भांडे त्यांनी रत्नदीपच्या हातात दिले आणि उंबऱ्यातच बसल्या, नलिनीबाईंकडे पाठ नाही अन तोंडही नाही अशा.

“कुटं न्हेतोस हिला?”

“नांद्याला.”

“ने की. मोटर मातुर हितंच ऱ्हाऊ दे. ती उठती रोज सहाला.”

रत्नदीपचे कान तापले. पण मागे आईच्या तोंडून एक बारीक आवाज आला, आणि त्याने वळून पाहिले तर ती पदर तोंडाला लावून हसत होती. दोन दिवसांनी पहिल्यांदा.

“तिला म्हणावं,” आई त्याला म्हणाली, “मोटरनं ढवळली असती तर खीर खाली लागली नसती.”

“तिला म्हन,” गोजराबाईंनी त्यालाच सांगितले, “लागल्याली खीर दोनदा मागून घेतली व्हतीस.”

हातात आमटीचे भांडे धरून रत्नदीप त्या दोघींच्या मध्ये उभा होता. त्याला नांद्याची खिडकी आठवली. तिच्यासमोर दुसऱ्या इमारतीच्या शेकडो खिडक्या होत्या, आणि त्यांतली कुठली कधी उघडते याकडे त्याने स्वतः तीन वर्षांत एकदाही पाहिले नव्हते. तो सकाळी नऊला कामाला जाईल आणि तिथे आई पडली, तर कोण येईल? जे विचारायला त्याला वडील गेल्यापासून धीर झाला नव्हता, ते त्याने भांडे खाली ठेवून विचारले.

“आई, तुला इथं राहायचंय का?”

“राहायचंय,” ती म्हणाली. “ठरलेलं मोडलं म्हण हवं तर.”

त्याने मोबाइल काढला आणि पडद्याच्या तिन्ही वेळा एकामागून एक पुसून टाकल्या. मोटर राहिली, बटण राहिले. ते पलंगाच्या कडेला, जमिनीवरूनही हाताला लागेल एवढे खाली आणून चिकटवले. बटण ती दाबेल तेव्हाच पडदा हलेल. नाही दाबले तर नाही. तो रोज सकाळी फोन करील, आणि तिने उचलला नाही तर पुढचा फोन समोरच्या घरी करील. प्लास्टर निघेपर्यंत रात्री तो इथेच येऊन झोपेल. हे सगळे त्याने मोठ्याने सांगितले, दोघींना ऐकू जाईल असे. इतके सलग बोलण्याची त्याला सवय नव्हती.

गोजराबाई उठून गेल्या. थोड्या वेळाने आईने कुलपाच्या दोन किल्ल्यांपैकी एक त्याच्यापुढे धरली आणि मानेने समोरच्या ओट्याकडे खूण केली.

गल्ली ओलांडायला त्याला दहा पावले लागली. गोजराबाईंनी किल्ली उलटसुलट करून पाहिली, पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली आणि कमरेला खोचली.

“आईला सांग,” त्या म्हणाल्या, “किल्ली घेतली म्हंजी बोलाया लागले, आसं न्हाई.”

“सांगतो, मावशी.”

तो परत आला आणि निरोप जसाच्या तसा दिला. आई म्हणाली, बरं. मग त्याने बॅग उघडली आणि लुगडी पुन्हा कपाटात लावायला घेतली. या वेळी खालच्या फळीवर, जिथून ती तिला खांदा न उचलता काढता येतील.