शेवटच्या ओळीतलं नाव

पितळी बिल्ला घामानं निसरडा झाला होता — दोनशे सतरा, कडेला बारीक पोचा — आणि संध्याकाळी जमा करताना मुकादमानं तो एकदा वेगळा काढला की उद्या फाटकातून आत पाऊल नाही, बायकोला, शेवंताला घेऊन पुन्हा भंडाऱ्याकडचं ते गाव, तीच माणसं... हे सगळं देवाजीला घमेलं उचलतानाच दिसत होतं. समोरून गिट्टी वाहणाऱ्या रेजा गात येत होत्या. तेच गाणं. च्यायला, दुसरं गाणं नाही का या बायांना!

चाल सिनेमातली, दुर्गच्या टॉकीजमधून अख्खी भिलाई ती तोंडात घेऊन आलेली. बुद्धजयंतीला अशाच चालींवर देवाजी गाणी बांधायचा. पण गेल्या महिन्यात, जेवणाच्या सुट्टीत, नुसतं हसण्यासाठी त्यानं त्या चालीवर ठेकेदाराच्या मुकादमाला, शामसुंदरला, बसवलं — साहेब दिसला, टोपी हातात. मजूर दिसला, काठी हातात! सगळे हसून लोळले. आणि मग... सवय, दुसरं काय. बापानं शिकवलेलं, शेवटच्या ओळीत आपलं नाव घालत जा, नाहीतर गाणं कोणीही ढापते. त्यानं घातलं. देवाजी म्हने, टोपी सांभाळ, वारा सुटला भारी. अरे गाढवा, हे गाणं चोरणार कोण होतं?

रेजांनी ते छत्तीसगढीत नेलं. काठीच्या जागी मुकादमाची नजर आली, पाण्याच्या हंड्यापाशी वाकलेल्या बाईवर रेंगाळणारी, आणि थट्टेचं गाणं बोचायला लागलं. ते शामसुंदरच्या कानावर गेलं, आणि हे बांधलं कोणी ते तो शोधायला लागला. आता देवाजी शेवटच्या ओळीसाठी कान टवकारून उभा राहिला, पण तिथं नेमक्या त्या खिदळल्या. नाव होतं की नव्हतं?

भट्टीजवळ जड लोखंड वर चढवणारे तेलुगू खलाशी दोर ओढत होते. त्यांनी चाल पार संथ करून टाकलेली, एकेका हिसक्याला एकेक शब्द. देवाजीला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, म्हणून तो जरा निर्धास्त झाला... आणि शेवटच्या हिसक्याला वीस गळ्यांतून स्वच्छ आलं — देवाजी! सगळं बदललं होतं, तेवढं एक सोडून.

दुपारी त्याच्या टोळीतला टिकाराम भाकरी सोडत जवळ सरकला.

"चंपतले बलावलं मुकादमानं."

"चंपतले? कावून?"

"त्याच्या टोळीत तो गात होता. शेवटी 'चंपत म्हने' लावलं ना बे त्यानं. जो गाते तो आपलंच नाव लावून राहिला."

सुटलो! — हे मनात आधी आलं, चंपतची तीन लेकरं नंतर. देवाजीला स्वतःचीच किळस आली. गाणं चोरलं म्हणून त्या माणसाचा रागही आला, खोटं कशाला बोला. गाणं आपलं आहे हे तू सांगशील का? सांगशील... सांगशील उद्या. उद्या चंपत फाटकाबाहेर असेल.

सुट्टीचा भोंगा झाला. बिल्ले जमा करायच्या रांगेत देवाजी पुढे सरकत गेला. टेबलाच्या एका कोपऱ्यात एकच बिल्ला वेगळा काढून ठेवला होता, आणि मागं भिंतीला टेकून चंपत उभा होता, पायाच्या अंगठ्याकडे बघत. शामसुंदर बिल्ले खिळ्यांना अडकवत होता आणि, त्याला स्वतःला पत्ता नव्हता, पण नाकातल्या नाकात तीच चाल गुणगुणत होता. टोपी... काठी... एकेक ओळ ओलांडत तो पुढे चालला होता. देवाजीचा हात पुढे झाला, पण बिल्ला काही बोटांतून सुटेना. शेवटच्या ओळीपाशी शामसुंदर थांबला, पुढचा बिल्ला घ्यायला त्यानं मान वर केली, आणि अर्धवट राहिलेली ती चाल देवाजीच्या घशात येऊन उभी राहिली. चंपत म्हणावं तर जीभ वळेना. आणि आपलं नाव... ते घ्यायला ओठ उघडले होते.