चौदावी तासिका

रस्तेगार खानमने अभ्यासक्रमाचा कागद फिरवून फरामर्जसमोर ठेवला आणि चौदाव्या ओळीवर पेनाचे टोक टेकवले.

"हे काय, उस्ताद?"

"प्रात्यक्षिक."

"ते मलाही वाचता येतं. प्रात्यक्षिक, पिरूजे पाट, गुण दोन. पुढचे दोन रकाने कोरे आहेत. उद्देश काय, आणि गुण कशावर द्यायचे."

"मेहरअंगीजनं ते कधीच भरले नव्हते."

"तेव्हा कुणी मागत नव्हतं."

यज्दजवळच्या या विद्यापीठात भूजलाचा विषय वर्षानुवर्षे फरामर्जची बायको मेहरअंगीज शिकवत आली होती. उन्हाळ्याच्या तोंडावर ती कर्करोगाने गेली. सत्र उघडायच्या आधी विभागाने विषय त्याच्याकडे दिला, कारण दुसरे कुणी नव्हते. त्याने तिचा अभ्यासक्रम जसाच्या तसा उतरवून काढला होता. एक स्वल्पविरामसुद्धा हलवला नव्हता.

"यंदापासून अभ्यासक्रम मुलांना आधी द्यायचाय," रस्तेगार म्हणाली. ती विभागप्रमुख होऊन वर्षच झाले होते. "प्रत्येक तासिकेला काय शिकवणार, का शिकवणार, काय तपासणार. उद्या दुपारपर्यंत संकेतस्थळावर चढला पाहिजे."

"काय तपासणार ते आधीच सांगितलं, तर तपासायला काय उरतं?"

त्याचे म्हणणे तिला कळत होते. मेहरअंगीज मुलांना हसनकनार गावाबाहेरच्या पिरूजे या जुन्या भुयारी पाटावर न्यायची. डोंगरातले पाणी जमिनीखालून गावापर्यंत आणणारा पाट, आणि त्यावर ओळीने खणलेल्या विहिरी. एकेकाने विहिरीच्या तोंडाशी पालथे पडून कान लावायचा, काय ऐकू आले ते चिठ्ठीवर लिहायचे आणि घडी करून तिच्या हातात द्यायचे. लिहून होईपर्यंत कुणी बोलायचे नाही. बहुतेक जण लिहायचे, पाणी. खळखळ पाणी, संथ पाणी, दूरचे पाणी. परतीच्या वाटेवर ती त्यांना सांगायची की पिस्त्याच्या बागांना खोल विहिरींचे पंप बसले तेव्हापासून तो पाट ठणठणीत कोरडा आहे. ज्यांनी 'काही नाही' असे लिहिले त्यांना दोन गुण. बाकीच्यांना शून्य.

"इतक्या वर्षांत हे कुणी फोडलं नाही," फरामर्ज म्हणाला.

"कोण फोडणार? आपण फसलो की पुढचा फसलेला बघायचा असतो. मीही नाही फोडलं."

"तुम्हाला किती मिळाले होते?"

"शून्य. महिनाभर त्यांच्याशी बोलले नव्हते." ती हसली आणि लगेच हसू आवरले. "रकाने भरा, नाहीतर ओळ काढा, उस्ताद. काढलीत तर तिथं संगणकावरचं प्रात्यक्षिक बसेल. मला दोन्ही चालेल. कोरं नाही चालायचं."

त्याने पेन्सिल ओळीवर नेली. ती तिथेच थांबली.

"सकाळी गाडी मिळेल? एकदा जाऊन येतो. मग काढतो."

"मीही येते," ती म्हणाली.

घरचा कूलर छतावर होता. मेहरअंगीजला पहाटेचा गारवा सोसायचा नाही. ती उठून पाण्याचा पंप बंद करायची आणि पंखा तेवढा चालू ठेवायची. पाण्याचा आवाज थांबायचा, नुसता वारा राहायचा, आणि त्या बदलाने फरामर्जची झोप चाळवायची. अजूनही चाळवत होती. रोज पहाटे पाणी थांबायचे. तो पडल्या पडल्या ऐकायचा. उजाडल्यावर जाऊन बघावे तर बटण चालूच असायचे, आणि वर पाणी वाहत असायचे. त्याने पंप बदलून घेतला. नव्या पंपाचेही तेच. हे त्याने कुणाला सांगितले नव्हते. त्या दिवशीही पहाटे पाणी थांबले. तो उठला, तोंड धुतले, आणि बटणाकडे न बघता बाहेर पडला.

विभागाचा ड्रायव्हर रजबअली हसनकनारचाच. एका हाताने भोपळ्याच्या बिया फोडत तो गाडी चालवत होता.

"खानम, या पाटाला बायको होती, ठाऊक आहे का?"

"आता हे काय नवीन?"

"नवीन कुठलं? आजोबा-पणजोबांच्या वेळचं. पाणी कमी झालं की गावातली एखादी विधवा पाटाला द्यायची. रीतसर लग्न लावून. तिनं आत उतरून अंघोळ करायची आणि गावानं तिला जन्मभर गहू पुरवायचा. आमची कोकबखाला शेवटची. ती गेली आणि त्याच थंडीत पाटानं अंग टाकलं."

"पंपांनी आटला तो."

"पंपही होते. मी कुठं नाही म्हणतो?" त्याने साल खिडकीबाहेर थुंकले. "पण बायको गेली आणि नवरा कोरडा पडला, आम्हा अडाण्यांना एवढं पुरतं. उस्ताद शिकलेले. त्यांचं वेगळं."

"पुढं बघ, रजबअली!"

"बोलू द्या त्याला," फरामर्ज म्हणाला. मेहरअंगीज गेल्यापासून त्याच्यासमोर मरणाचा विषय आवाज न उतरवता काढणारा हा पहिलाच माणूस होता.

विहिरींचे उंचवटे वाळवंटात डोंगरापर्यंत एका ओळीत गेले होते. मेहरअंगीजची विहीर रस्त्यापासून जवळची. तिच्या काठावरची माती पालथ्या पडलेल्या मुलांनी घासून गुळगुळीत केली होती.

आधी रस्तेगार पालथी पडली. डोक्यावरचा रुमाल कानामागे सारून तिने बराच वेळ ऐकले. मग उठून बसली आणि पर्समधल्या चिठ्ठीवर लिहिले.

"काही नाही," ती म्हणाली. "या खेपेला पास."

फरामर्ज पालथा पडला. रजबअली त्याच्या पोटऱ्यांवर चक्क बसला.

"हलू नका. आत गेलात तर कागदपत्रं मला करावी लागतील."

आत गारवा होता आणि जुन्या धुळीचा वास. सुरुवातीला त्याला स्वतःच्याच रक्ताची धडधड ऐकू आली. ती ओसरली. मग खाली, खूप खाली, पाणी होते. त्याने श्वास रोखला. पाणी एकसारखे वाहत होते, कसलीही घाई नसल्यासारखे. तो ऐकत राहिला. आणि ते थांबले. आटत आटत नव्हे, कुणी उठून बंद करावे तसे. मागे नुसता वारा राहिला.

"उस्ताद, झालं का? माती तापायला लागली."

तो उठला. सदऱ्याची पुढची बाजू मातीने भरली होती. ती त्याने झटकली नाही.

"काय?" रस्तेगारने विचारले.

त्याने हात वर केला. लिहून होईपर्यंत बोलायचे नाही. ती मुकाट्याने बाजूला झाली.

गाडीच्या बॉनेटवर चिठ्ठी ठेवून तो उभा राहिला. बरोबर उत्तर त्याला कितीतरी वर्षे माहीत होते. दोन शब्द, दोन गुण. पेन उघडून तो तसाच थांबला. मग त्याने लिहिले, चिठ्ठीची घडी केली आणि खिशात ठेवली. नंतर अभ्यासक्रमाचा कागद पसरला, चौदाव्या ओळीचे कोरे रकाने भरले आणि तो तिच्या हातात दिला.

तिने मोठ्याने वाचले. "उद्देश: हा पाट कोरडा आहे. हे माहीत असताना कान लावून ऐकणे. गुण: जे ऐकू आले तेच लिहिले असेल, तर दोन." तिने वर पाहिले. "सगळंच सांगून टाकलंत की."

"हो."

"आता सगळेच 'काही नाही' लिहितील."

"लिहितील."

"मग कोण खरं लिहितोय ते कसं कळणार? तपासणार काय तुम्ही?"

फरामर्जने खिशातली चिठ्ठी काढून तिच्यापुढे धरली. मुले मेहरअंगीजपुढे धरायची तशी, घडीसकट.

तिने ती उघडली. आत एकच शब्द होता, पाणी. तो वाचायला लागावा त्याहून जास्त वेळ ती कागदाकडे बघत राहिली. एकदा विहिरीकडे पाहिले, एकदा त्याच्या मातकट सदऱ्याकडे. रजबअली थर्मास उघडून तीन पेल्यांत चहा ओतत होता. तिने बॉनेटवरचे पेन उचलले, त्या शब्दाखाली दोनाचा आकडा काढला आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली.

"मीही हाच शब्द लिहिला होता," ती म्हणाली.

"तुम्हाला ऐकू आलं होतं?"

तिने मान हलवली. "नाही. बाकीचे लिहीत होते, म्हणून लिहिला."

"मग तिनं बरोबर तपासलं होतं," फरामर्ज म्हणाला आणि चहाचा पेला घेतला.