टोकाच्या खुर्चीची करकर

मी खुर्ची बोलतेय. दचकू नका, मी ती निवडणुकीतली खुर्ची नव्हे. माझ्यासाठी कुणी कुणाचे पाय ओढले नाहीत की पक्ष बदलले नाहीत. उलट लोक मला टाळायचेच. दुसरी जागा रिकामी असेल तर माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही.

मी सिनेमाच्या खोलीतली खुर्ची आहे. मोठ्या थिएटरातली नव्हे. पिक्चर लोकांसमोर जाण्याआधी तो बनवणारे, त्यांचे घरचे आणि चार ओळखीचे जिथं बसून बघतात, त्या छोट्या खोलीतली. जाड दार, भिंतींना मऊ कापड आणि अंगावर काटा येईल असा गारठा. दुसऱ्या रांगेत, चालायच्या वाटेला लागून अगदी टोकाला माझी जागा होती.

माझा सांगाडा लोखंडाचा, हात लाकडाचे आणि बैठक गडद लाल कापडाची. बाकीच्या बहिणींसारखीच मी दिसते. फक्त मला जोडणाऱ्या फिटरचं लक्ष जेवणाच्या डब्याकडे होतं, त्यामुळं माझ्या बिजागरीचं भोक किंचित तिरकं पडलं. तेव्हापासून माझ्यावर बसलेलं माणूस जरा जरी सरकलं तरी मी करकरते. फिटरचा जोडीदार म्हणाला, "हिला परत खोलायची का?" फिटर म्हणाला, "राहू दे. टोकाला टाक. तिथं कोण बसतंय!"

बसायचे मात्र. उशिरा येणारे बसायचे, लवकर सटकायचा बेत असलेले बसायचे, आणि ज्यांना पाय लांब करावे लागतात असे वयस्कर लोक बसायचे. त्यांच्यामुळं माझं शिक्षण झालं. माणसाचं तोंड खोटं बोलतं, टाळ्या खोटं बोलतात, पण बूड कधी खोटं बोलत नाही. पिक्चर धरून ठेवत असेल तर माणूस दगडासारखा बसतो. सुटायला लागला की आधी एक पाय दुसऱ्यावर चढतो, मग दुसरा पहिल्यावर, मग कोपर घसरतं, मग मनगटावरचं घड्याळ. मी करकर करकर करत राहते.

खेळ संपला की हीच माणसं दाराशी उभी राहून दिग्दर्शकाचा हात हातात घेतात. "वेगळा प्रयत्न आहे हं!" म्हणतात. "फोटोग्राफी काय सुंदर झालीय!" म्हणतात. माझा अनुभव सांगते, लोक फोटोग्राफीचं कौतुक करायला लागले की समजावं, पिक्चर आटोपला. खरं बोलून वाईटपणा कोण घेणार? सगळ्यांना पुढच्या पिक्चरमध्ये काम हवं असतं.

एक दिवस एक नवा दिग्दर्शक पहिल्यांदा त्या खोलीत आला. अंगात चुरगळलेला शर्ट, डोळ्यांखाली जागरणं. त्याचा पहिलाच पिक्चर होता. बरोबर त्याची थोरली बहीण होती. पिक्चरची कापाकापी, म्हणजे संकलन, तीच करायची. तो तिला ताई म्हणायचा, म्हणून मीही ताईच म्हणते. आणि मागून गुडघ्यावर हात टेकत त्यांच्या आई आल्या. पाय पसरायला जागा हवी म्हणून त्या माझ्यावर बसल्या. हलक्या, नीटनेटक्या बाई. बसताना खुर्चीलाही "बसू का?" विचारतील अशा.

पिक्चर साधा होता. शाळेची बस चालवणाऱ्या एका मुलीची गोष्ट. त्यात तिच्या वडिलांचा एक छोटासा सीन होता. मुलीला घरी यायला उशीर झालाय. वडील दारात उभे, मान उंच करून रस्त्याकडे बघतायत. लांबून तिच्या सायकलची घंटी ऐकू येते. त्याबरोबर हा माणूस लगबगीनं आत पळतो, खुर्चीत बसतो आणि पेपर तोंडासमोर धरतो, जसं काही त्याला कशाचं सोयरसुतक नाही. पेपर उलटा आहे. मुलगी येते, एकदा बघते आणि हातपाय धुवायला जाते. बस्स, एवढंच. एक शब्द नाही.

त्या वेळी आई माझ्यावर श्वास रोखून बसल्या होत्या. पापणीसुद्धा हलली नसेल. अंधारात त्या एवढंच पुटपुटल्या, "अगं बाई, हे तर हेच." तेव्हा मला कळलं की हा बाप कुठून आला. तो या भावंडांचा बाप होता. पिक्चर बघायला तो या जगात राहिला नव्हता.

पुढं एका भांडणाच्या सीनला मात्र मी करकरले. थोड्या वेळानं परत. ताईनं मान वळवून मागं बघितलं. उजेड झाल्यावर ती भावाला म्हणाली, "त्या भांडणात आई दोनदा हलली. तिथं लांबलंय."

"अगं, खुर्ची जुनी आहे ती."

"मग बापाच्या सीनला का नाही वाजली?"

तो डोकं खाजवत राहिला. दोन दिवस फुरंगटला म्हणे, पण सीन कापला. पुढच्या खेळाला मी गप्प होते आणि पिक्चर धावला. लोक रांगा लावून गेले. जो तो त्या उलट्या पेपरबद्दल बोलायचा. कुणीतरी माझंच कौतुक केल्यासारखी मीही फुगले. खोटं कशाला बोलू?

आणि तिथंच खरी ग्यानबाची मेख होती. पहिल्या पिक्चरला लोक काही मनात न ठेवता येतात, पाठ टेकून बसतात. मिळेल ते त्यांना वर मिळाल्यासारखं वाटतं. दुसऱ्याच्या वेळी ते घरूनच एक पिक्चर डोक्यात बघून येतात. खुर्चीच्या अगदी काठावर बसतात. त्यांना तेच हवं असतं, पण नवं हवं असतं, आणि जास्त हवं असतं. आता असं काही बाजारात मिळतं का, तुम्हीच सांगा.

निर्मात्यानं तर गणितच मांडलं. त्याच खोलीत, पाय समोरच्या खुर्चीवर टाकून तो म्हणाला होता, "त्या बापानं दोन मिनिटांत सगळ्यांना रडवलं. आता पूर्ण पिक्चर बापावर करू. रडून रडून लोकांचे रुमाल संपले पाहिजेत." सगळे हसले. दिग्दर्शकही हसला. लोक ज्याच्यासाठी वेडे होते तेच द्यायचं, यात चुकण्यासारखं काय आहे, असं त्याला मनापासून वाटलं. तो लबाड नव्हता हो. त्याला वडिलांची आठवण फार यायची.

दुसरा पिक्चर तयार झाला. बापाच्या कामाला नावाजलेला नट होता. कॅमेरे मोठे होते, वाद्यं तर विचारूच नका. आई नेहमीप्रमाणं माझ्यावर बसल्या. पडद्यावर पुन्हा तोच दरवाजा, तीच संध्याकाळ. सायकलची घंटी वाजली. पण हा बाप आत पळाला नाही. तो उंबऱ्यातच उभा राहिला आणि बोलायला लागला. बाप म्हणजे काय, मुलगी म्हणजे काय, वाट बघणं म्हणजे काय. वाद्यं चढत गेली, नटाच्या गालावरून आसवं ओघळली, आणि तरी तो बोलतच होता.

मी करकरले. आईंनी पाय बदलला, मी परत करकरले. त्यांनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली, चष्मा पुसला, पाठ सरळ केली. त्या दिवशी मी जितकी वाजले तितकी उभ्या जन्मात वाजले नसेन. पुढच्या रांगेतून दिग्दर्शकानं चारदा वळून बघितलं. दिवे लागताच पिक्चर लावणाऱ्या ऑपरेटरकाकांना तो पहिलं वाक्य बोलला ते हे:

"काका, आधी त्या खुर्चीला तेल घाला. सगळा मूड घालवला तिनं!"

ताई म्हणाली, "खुर्चीचं काय घेऊन बसलास? आई का हलत होती ते विचार."

"तुला ना ताई, सगळीकडे कात्रीच दिसते. लोकांना हाच बाप हवाय." मग तो आईंकडे वळला. चेहरा कसा लख्ख उजळलेला. "आई, आवडला ना?"

आई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. "तू केलायस म्हणजे चांगलाच असणार," त्या म्हणाल्या.

झालं. ऑपरेटरकाकांनी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली आणली आणि माझ्या बिजागरीत चांगलं सढळ हातानं तेल सोडलं. मला वाटलं, कुणीतरी माझ्या तोंडात बोळा कोंबला. पुढच्या खेळाला पाहुणे आले, आई आल्या, माझ्यावर बसल्या. त्या तितक्याच वेळा हलल्या. मी जिवाच्या आकांतानं ओरडायला बघत होते, पण आवाज निघेना. खोली चिडीचूप.

"बघितलंस?" तो ताईला म्हणाला. "एकदा तरी कुणी हललं का?"

ताईनं हात जोडले. "तुझा पिक्चर, तुझी मर्जी." आणि ती पर्स उचलून निघून गेली. त्यानंतर भावंडांचं बोलणं जवळजवळ बंदच झालं.

पिक्चर लागला. पहिल्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती आणि आठवडा संपायच्या आत हाक मारली तर प्रतिध्वनी यावा अशी थिएटरं रिकामी. त्या खोलीत येणारे चहा पिता पिता बोलायचे, "पहिला किती छान होता! याला झालं तरी काय?" आधी जे खांद्यावर घेऊन नाचले, तेच आता पाय आपटत होते. अपेक्षेचं असंच असतं. ती ठेवणाऱ्याला काही लागत नाही, ओझं दुसऱ्याच्या डोक्यावर.

नंतर एका दुपारी तो आईंना घेऊन आला. शर्ट पुन्हा चुरगळलेला. काकांना म्हणाला, "तेवढा दरवाज्याचा सीन लावता का?" या वेळी माझ्यावर तो स्वतः बसला आणि आई शेजारी. पडद्यावर बाप बोलायला लागला. माझ्यावर बसलेला मुलगा हलला. परत हलला. पाय बदलला. त्याला आवाज आला नाही, पण त्याला कळलं असावं. त्यानं हात वर करून सीन थांबवला.

"आई, खरं सांग. काय चुकलं?"

"रागावणार नाहीस?"

"नाही गं. सांग."

आईंनी पडद्यावर अडकून पडलेल्या त्या नटाकडे बोट केलं. "हा कोण रे?"

"कोण म्हणजे? बाबा."

"तुझे बाबा कधी दारात उभं राहून बोलले का? जन्मभरात मला 'जेवलीस का' एवढं विचारायला त्यांची जीभ जड व्हायची. ते आत पळायचे."

"पण लोकांना बाबाच आवडले होते ना!"

"लोकांना त्यांचं पळणं आवडलं होतं, बाळा."

तो लहान मुलासारखा म्हणाला, "मग तेव्हाच का नाही बोललीस? मी विचारलं होतं की."

आई हातातल्या पर्सचा बंद उलगडत, गुंडाळत राहिल्या. "तू खुर्चीला तेल घालायला सांगितलंस. मला वाटलं, माझ्यामुळं तुला त्रास होतोय. म्हटलं, आपण गप्प बसावं."

खोटं नाही सांगत, तो माझ्यावरून उतरून खाली जमिनीवर बसला आणि त्यानं आईंच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. मग त्यानं काकांकडून फडकं मागितलं आणि माझी बिजागरी पुसायला घेतली. काका म्हणाले, "अहो, एवढ्यानं तेल जात नाही." तो म्हणाला, "जाईल हळूहळू." आणि पुसता पुसताच त्यानं ताईला फोन लावला.

आता त्या खोलीत नव्या खुर्च्या आल्यात. गुबगुबीत, मागं कलणाऱ्या. त्यांच्यात माणूस इतका रुततो की कंटाळला काय आणि झोपला काय, कुणाला पत्ता लागत नाही. मला भंगारात काढलं होतं. ताईनं मला तिच्या संकलनाच्या खोलीत आणून ठेवलं. माझं कापड विटलंय, एक हात खिळखिळा झालाय, पण तेल वाळलं आणि आवाज परत आला. भाऊ-बहीण पडद्यासमोर बसून वाद घालतात आणि त्यांच्या मागं माझ्यावर आई.

तुमच्या घरातही एखादी खुर्ची करकरत असेल. तिला तेल जरूर घाला, माझी हरकत नाही. फक्त बाटली उघडण्याआधी तिच्यावर कोण बसलंय, तेवढं बघून घ्या.

परवा त्याच्या नव्या पिक्चरचा एक तुकडा लावला होता. मी करकरले. दोघांनी एकदम पिक्चर थांबवला आणि मागं वळले.

"आई, काय झालं?"

"काही नाही रे, गुडघा."

"कुठल्या सीनला दुखला, ते सांग."

आई हसल्या. चष्मा नीट केला, माझ्यावर जरा सरसावून बसल्या आणि बोलायला लागल्या.