मेरेआनाच्या घरची पितळी मापपट्टी

मित्रांनो, माझ्या वाकड्या तोंडाला हसू नका. मी जन्माने वाकडी नाही. न्यूझीलंडच्या पूर्व किनाऱ्यावर मेरेआनाच्या नवऱ्याने मोडक्या होडीच्या पितळेतून मला कापले, कानशीने घासले आणि शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, मोजायला दोन खाचा पाडल्या. अरुंद नराची, रुंद मादीची. शेपटी खाचेतून आरपार निसटली, तर शेवंड लहान. तिला पाण्यात सोडायचे. अडली, तर टोपलीत. शेपटीखाली अंड्यांची गाबोळी दिसली, तर मोजायचेसुद्धा नाही, तशीच सोडायची.

नवरा गेल्यावर मेरेआनाने मला पोटच्या पोरीसारखे जपले. "या घरात माझ्यापुढे तोंड चालवणारी ही एकटीच," असे ती म्हणायची. खोटे कशाला बोलू, मी फुगून जायचे. पाहुणे ताटात शेवंडी कमी म्हणून कुरकुरले, की ती त्यांच्यापुढे रताळी सरकवायची आणि म्हणायची, "पोट भरा. समुद्राची पोरं मी रांधत नाही."

मग तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि मी तिच्या मुलाच्या, रापाटाच्या हाती पडले. त्याला नाताळात शहरातल्या मित्रांपुढे भरलेली ताटे मिरवायची होती. त्याने मला दगडावर ठेवले आणि हातोडीने मादीची खाच नराच्या खाचेएवढी केली. मग कोवळ्या माद्याही माझ्यात अडू लागल्या. पहिली शेवंड मात्र तो समुद्रदेव टांगारोआच्या नावाने न चुकता पाण्यात सोडायचा. देवाला फसवायला भ्याला, आईला नाही.

एके दिवशी धक्क्यावर मासेमारी खात्याच्या तपासणीसबाई आल्या. टोपलीतल्या माद्या लहान दिसतात, असे त्या म्हणाल्या. मेरेआना ताठ उभी राहिली.

"बाई, ही पट्टी माझ्या नवऱ्याच्या हातची आहे. ती खोटी निघाली, तर मी खोटी."

बाईंनी आपली पट्टी काढली. एकामागून एक माद्या तिच्यातून सळकन निसटल्या. रापाटाचे मित्र गुपचूप गाडीत जाऊन बसले. मेरेआनाने मला मागून घेतले आणि जोडलेली बोटे खाचेत घातली. एरवी सहज बसणारी बोटे दाटली. तिने रापाटाकडे तोंड वळवले. तो दोरीची गाठ सोडवत राहिला.

"नाव माझं लिहा," ती म्हणाली. "शब्द मी दिलाय."

शेवंडी पकडायचे पिंजरे जप्त झाले, होडीही गेली. गावजेवणाला शेवंडींची टोपली आता दुसऱ्याच घरून येते. मेरेआनाने मला रापाटाच्या हातात दिले. "घे. आता ही तुझ्याच मापाची झालीय."

त्याने मला गंजक्या खिळ्यांच्या डब्यात टाकले.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका; त्याने माझे तोंड सरळ होणार नाही. घरातले माप वाकवण्याआधी एवढे बघा, की त्याच्यामागे कोणाचा शब्द उभा आहे. त्या कोवळ्या माद्या तर उकळत्या पाण्यात गेल्या. समुद्र त्यांची वाट बघतो, असे मी म्हणणार नाही. तो कोणाचीच वाट बघत नाही. मी बघते, या डब्यात पडून, की रापाटा आईपुढे एकदा तरी तोंड उघडेल.