ई आणि उ यांच्या मधली जागा

धाकटीने म्हटलेला स्वर सगळ्या भाषांमध्ये पहिला आला. तीसच्या तीस ठिपके स्क्रीनवर एकाच जागी येऊन बसले आणि विभागप्रमुख मॅडमनी चष्मा काढला, पुसला, लावला आणि पुन्हा काढला. नोंदवहीत मात्र याची नोंद नाही. नोंद नाही म्हणजे घटना नाही, असा त्या इमारतीचा नियम आहे आणि नियम आपणही पाळलेले बरे. तेव्हा असं काही घडलंच नाही. त्या सकाळी फक्त पडद्यांचं काम होतं.

आई रेकॉर्डिंगच्या खोलीत स्टुलावर उभी होती. गळ्यात टेप, कानामागे खडू, ओठांत सहा टाचण्या. जाड निळ्या कापडाची कड दुमडत ती एकेक टाचणी ओठांतून काढून खोचत होती, आणि सहा संपल्या की मनगटावरच्या गादीतून नव्या सहा ओठांत घेत होती. खोलीत आवाज घुमतो म्हणून चारही भिंतींना पडदे लावायचं ठरलं होतं. काम आईला मिळवून दिलं ते धाकटीनेच. ही शिवणारी बाई माझी आई आहे, एवढं सांगायचं मात्र तिच्याकडून राहून गेलं होतं. तीन आठवडे रोज राहून जात होतं.

ती स्वतः काचेच्या पलीकडे यंत्रापाशी बसली होती. प्रयोगशाळेत रेकॉर्डिंग करणं ही तिची नोकरी, आणि प्रयोगशाळेला गेले वर्षभर एकाच स्वराने पछाडलं होतं. जीभ ई म्हणायला ठेवायची, तिला जागचं हलू द्यायचं नाही, आणि ओठ मात्र उ म्हणताना होतात तसे गोळा करायचे. जे निघतं ते आपल्या वर्णमालेत नाही. फ्रेंचमध्ये आहे, जर्मनमध्ये आहे, तुर्की, फिनिश आणि चिनी भाषांतही आहे; पण एकाचं दुसऱ्याला तंतोतंत होत नाही. कुणी शिट्टी वाजवायला निघाल्यासारखे ओठ पुढे काढतं, कुणी ते जागच्या जागी दाबून धरतं. स्वीडिश लोकांनी तर ओठांच्या या दोन तऱ्हांतून दोन वेगळे स्वर काढलेत, म्हणजे एका कापडात दोन सदरे.

या सगळ्यांचा नकाशा करायचा होता. प्रत्येक भाषेचा माणूस येई, खोलीत बसे, तो स्वर तीस वेळा म्हणे, आणि प्रत्येक वेळी स्क्रीनवर एक ठिपका पडे. ठिपके जितके जवळजवळ, तितका स्वर पक्का. फ्रेंच विद्यार्थिनीने बऱ्यापैकी मूठभर जागेत आटोपलं होतं. जर्मन गृहस्थांनी अठ्ठावीस वेळा म्हणून झाल्यावर हे कशासाठी चाललंय असं विचारलं होतं, आणि उत्तर ऐकून उरलेले दोन जरा लांबच पाडले होते.

धाकटी हे सगळं निर्विकारपणे टिपून घेई. हा स्वर आपण कधी ऐकलेलाच नाही, अशा चेहऱ्याने.

शाळेत तिला शिट्टी म्हणत. पहिलीत बाईंनी तिला उभं करून मुळाक्षरं म्हणायला लावली होती. अ, आ, इ पर्यंत वर्गाने ऐकून घेतलं आणि ई ला सगळी बाकं हसली. धाकटीला कळेना, आपलं काय चुकलं. घरी ई अशीच होती. घरी म्हणजे आईच्या शिवणाच्या खोलीत. आई आणि मावशी सकाळपासून ओठांत टाचण्या धरून काम करत, आणि टाचण्या आहेत म्हणून गप्प बसावं असं दोघींनाही कधी वाटलं नाही. ओठ फाकवले तर टाचणी पडणार, म्हणून प्रत्येक ई मिटल्या ओठांतून बाहेर यायची. कापायच्या टेबलाखाली, चिंध्यांच्या गादीवर पडून धाकटी बोलायला शिकली ती या दोघींचं ऐकून. दुसरीत असताना तिने सहा महिने आरशासमोर दोन बोटांनी ओठ ताणून धरले आणि बाहेरची ई शिकून घेतली. तेव्हापासून तिच्याकडे दोन होत्या. उंबरा ओलांडला की एक आत टाकायची आणि दुसरी घालायची, चपलेसारखी.

"धाकटे, ही पट्टी तिरकी दिसतेय का गं?" आईने स्टुलावरून विचारलं.

मायक्रोफोन चालू होता. स्क्रीनवर ठिपके पडले, टक, टक, टक. तीनही ई, तीनही एकमेकींना चिकटून. धाकटीचा हात बंद करायच्या बटणाकडे गेला आणि घाईत भलत्याच बटणावर पडला.

"हे कोण बोललं?" मागे मॅडम उभ्या होत्या. हातातला कप त्यांनी न बघता यंत्रावर ठेवला, जे इतर कुणी केलं असतं तर त्यांनी त्याला बाहेर काढलं असतं.

"त्या? पडदेवाल्या बाई आहेत," धाकटी म्हणाली.

दाबलं गेलेलं बटण आत बोलायचं होतं. वाक्य काचेपलीकडच्या खोलीत स्वच्छ ऐकू गेलं. नवे पडदे अर्धेच लागले असल्यामुळे ते थोडं घुमलंही.

पडदेवाल्या बाईंनी ओठांतून पुढची टाचणी काढली, खोचली आणि अंगठ्याने दाबून पाहिली. सरळ होती.

मॅडम एव्हाना आत पोचल्या होत्या. "ताई, जरा खाली येता का? आत्ता बोललात ना, तसंच पुन्हा बोला."

"काय बोलू?"

"नुसतं ई म्हणा."

आईने एकदा काचेकडे पाहिलं आणि ई म्हटलं. स्क्रीनवर चौथा ठिपका पहिल्या तिघांच्या मांडीवर येऊन बसला. मॅडमनी नोंदणी कारकुनाला हाक मारली. तो नियमांची फाइल घेऊनच आला. फाइलशिवाय त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं.

"वक्त्याच्या तोंडात खाद्यपदार्थ, दागिना किंवा अन्य वस्तू नसावी," त्याने वाचून दाखवलं. "टाचणी अन्य वस्तूत येते."

"चाळीस वर्षांत एकही गिळली नाही," आई म्हणाली.

"गिळण्याबद्दल इथे काही म्हटलेलं नाही, बाई."

आईने टाचण्या काढून गादीला टोचल्या आणि रिकाम्या तोंडाने ई म्हटलं. साधी ई आली, कुणाच्याही घरची. पुन्हा म्हटलं, पुन्हा साधीच. तिने ओठांवरून बोट फिरवलं.

"उघड्यावर आल्यासारखं वाटतंय," ती म्हणाली. "असं जमत नाही मला."

मॅडमनी खांदे पाडले. "म्हणजे ही टाचण्यांची करामत. स्वर नव्हे हा. अडथळा आहे."

"अडथळा," आईने तो शब्द नुसता म्हणून पाहिला, कापड बोटांत धरून पाहावं तसा. मग गळ्यातला टेप काढून ती गुंडाळायला लागली. टेप गुंडाळताना आई कधीच खाली बघत नसे. आज बघत होती.

काचेमागची खुर्ची रिकामी झाली. धाकटी आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

"आई, जरा सरक."

मॅडमनी आधी एकीकडे पाहिलं, मग दुसरीकडे. नाक दोघींचं एकच होतं; तीन आठवडे ते कुणाच्याच कसं लक्षात आलं नाही, हाही खरं तर संशोधनाचा विषय होता.

धाकटीने मायक्रोफोनसमोर तोंड उघडून दाखवलं, कारकुनाला दिसेल असं. आत अन्य वस्तू नव्हती. मग तिने ई म्हटलं. घरची. घराबाहेर वीस वर्षांत पहिल्यांदा.

मॅडम दोन पावलं पुढे आल्या.

"कुठे शिकलीस हे?" मॅडमनी विचारलं. "फ्रेंच येतं तुला?"

"नाही मॅडम. घरचंच आहे."

"घरी कोण बोलतं असं?"

धाकटीने तोंड उघडलं, पण आईचं तोंड आता रिकामंच होतं, त्यामुळे बोलण्यात आईचा नंबर आधी लागला.

"पडदेवाल्या बाई," आई म्हणाली. "ही त्यांची मुलगी."

"धाकटी मुलगी," धाकटी म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "आई आहे ती माझी, मॅडम. सांगायचं राहून गेलं होतं."

"राहतं एखादं," आई म्हणाली. "मी नाही का त्या उंच गिऱ्हाईकबाईंच्या झग्याला खिसा लावायचं विसरले होते. नंतर लावला ना." आणि तिने टेप पुन्हा गळ्यात घातला.

मॅडम भराभर बोलायला लागल्या. आईचे ओठ टाचण्यांनी बांधले होते, ठीक. पण हिचे कुणी बांधले होते? हिने नुसतं ऐकून उचललं. ज्यांच्या भाषेत हा स्वर आहे त्यांची पोरं तरी दुसरं काय करतात? आईच्या तोंडून येतं ते घेतात, का येतं ते कुणी विचारत नाही. "एका पिढीत!" असं त्या तीनदा म्हणाल्या, तिसऱ्यांदा कारकुनाला, आणि त्याने मान डोलावून फाइलमध्ये पिढीविषयी काही आहे का ते बघितलं. नव्हतं.

"तीस वेळा," मॅडम म्हणाल्या आणि स्वतः यंत्रापाशी जाऊन बसल्या.

धाकटी म्हणायला लागली. आई मोजायला. मोजणं म्हणजे प्रत्येक ई ला एक टाचणी, अर्ध्या राहिलेल्या पडद्याच्या कडेत. दहाव्याला धाकटीचा आवाज जरा कापला, तेव्हा आईने तिच्याकडे न बघता कापड झटकलं. लहानपणी ती टेबलाखालून रडत बाहेर यायची तेव्हाही आई असंच कापड झटकायची, म्हणजे ये, इथे कामाला हात लाव. अकरावा सरळ आला. तीस झाले तेव्हा पडद्याची कड पुरी झाली होती.

सगळे काचेपलीकडे जाऊन स्क्रीनसमोर उभे राहिले.

"हे केवढं झालं?" आईने विचारलं.

"शर्टाच्या बटणाएवढं," धाकटी म्हणाली.

"आणि त्या फ्रेंचबाईंचं?"

"कोटाच्या."

"जर्मन?"

"त्यांचं सोड गं आई. ते वैतागले होते."

आईने फक्त पदराने स्क्रीनवरची धूळ पुसली, शर्टाच्या बटणाएवढ्या जागेची. मॅडमनी चष्म्याचं जे केलं ते आधी सांगितलंच आहे.

मग कारकून नोंद करायला बसला. "भाषा?" त्याने विचारलं.

आपली भाषा टाकून पाहिली, तर यंत्राने लाल अक्षरांत कळवलं की या भाषेत हा स्वर संभवत नाही. यादीत दोनशे बारा भाषा होत्या आणि 'इतर' नावाची सोय नव्हती. यादीत नसलेलं रेकॉर्डिंग संध्याकाळी पाच वाजता आपोआप पुसलं जाई. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने मान खाली घालून हळूच विचारलं, "फ्रेंच टाकू का? कुणाला कळणार आहे? नकाशावर सगळ्यात वरती नाव लागेल मुलीचं."

मॅडम खिडकीतून बाहेर बघायला लागल्या. नको असंही त्या म्हणाल्या नाहीत.

धाकटीने स्क्रीनवरच्या त्या बटणाकडे पाहिलं. वर्षभर ती दुसऱ्यांची नावं या नकाशावर चढवत आली होती. मग तिने आईकडे पाहिलं, पण आई नव्या टाचण्या ओठांत घेत होती, म्हणजे तिला यात काही सांगायचं नव्हतं.

"आमच्याकडे शिवलेल्या कपड्याला दुसऱ्या दुकानाचं लेबल लावत नाहीत," धाकटी म्हणाली. आणि हे वाक्य तिने घरच्या स्वरात म्हटलं, त्यातली एकुलती एक ई बाहेरची नव्हती.

आईच्या ओठांतली एक टाचणी पडली. चाळीस वर्षांत पहिलीच. तिने ती वाकून उचलली आणि बराच वेळ वाकलेलीच राहिली.

पाच वाजता ठिपके गेले. तोवर चारही पडदे लागले होते आणि खोलीत काहीच घुमत नव्हतं. नवी भाषा यादीत घ्यायची तर समितीकडे तीन प्रतींत अर्ज लागतो, असं कारकुनाने सांगितलं. समितीची बैठक त्याच्या हयातीत झालेली नव्हती, हेही सांगितलं. धाकटीने तिथेच कागद मागून घेतला. आईने टाचण्यांमधून सांगितलं, तिने लिहिलं, आणि साक्षीदार म्हणून मॅडमनी सही केली.

प्रति,
भाषा-नोंद समिती

विषय : एका भाषेस मान्यता मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी विनंती अर्ज करण्यात येतो की, आमची भाषा आपल्या यादीतून अनवधानाने सुटलेली आहे. भाषेचा प्रदेश शिवणयंत्रापासून आरशापर्यंत, व गिऱ्हाईक नसताना दारापर्यंत आहे. बोलणाऱ्यांची संख्या तीन असून, मावशी रुसल्या असता दोन. भाषेस लिपी नाही. हात रिकामे नसल्याने आजवर गरज पडली नाही. पुरावा सोबत जोडता येत नाही, कारण तो नियमानुसार पुसण्यात आला आहे.

तरी वर्णमालेत ई व उ यांच्या दरम्यान एका अक्षराची जागा सोडण्यात यावी, आणि सदर जागेचे माप लांबी-रुंदीसह लवकरात लवकर कळवावे. अक्षर आम्ही शिवून देऊ.