तीन मिनिटांची घंटा

राज्यांच्या सभागृहाच्या दाराची किल्ली एकतीस वर्षं माझ्याकडे आहे. मतदानाची घंटा तीन मिनिटं वाजते. ती थांबली की दार बंद, मग बाहेर पंतप्रधान का असेनात. एखाद्या मंत्र्याच्या नाकासमोर दार लावताना, खोटं कशाला बोलू, मला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

त्या दिवशीचं विधेयक मात्र माझ्या घरचंच होतं. आमच्या देशात आरोग्य हा राज्यांचा विषय. त्यामुळे दान केलेलं मूत्रपिंड राज्याची हद्द ओलांडत नाही. आमच्या राज्याच्या यादीत माझ्या लेकीचा नंबर चारशे बारावा, आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत एका वर्षाची. या विधेयकाने सगळ्या राज्यांची यादी एक होणार होती आणि जास्त आजारी माणसाचा नंबर आधी लागणार होता. खालच्या सभागृहाने ते मंजूर केलं होतं. इथे मोठी राज्यं अडून बसली होती.

आम्ही सभासदांशी विधेयकाबद्दल बोलायचं नसतं. सकाळी मी बोललो. एका छोट्या राज्याच्या वयस्कर सभासद आहेत, त्यांना सगळे मावशी म्हणतात. त्यांचं अजून ठरत नव्हतं. मी त्यांच्यापुढे हात जोडले.

"अरे वेड्या, इतकी वर्षं दारात उभा आहेस, आधी नाही का बोलायचंस?" त्या म्हणाल्या. "माझं मत तुझ्या लेकीला."

दुपारी घंटा वाजली. मावशींचा पत्ता नाही. घंटा थांबली तेव्हा त्या व्हरांड्याच्या टोकाला दिसल्या, काठी टेकत, धापा टाकत.

"थांब रे, आले!"

दहा पावलं उरली होती. पण माझा उजवा हात सवयीने किल्ली फिरवून मोकळा झाला. मतमोजणी संपेपर्यंत ती उलटी फिरवता येत नाही. दाराच्या काचेवर मावशींचा तळवा टेकलेला होता. आतून आकडे ऐकू आले. दोन्हीकडे सारखी मतं. सारखी मतं म्हणजे नामंजूर.

सभापतींनी जाताना माझी पाठ थोपटली. मावशी बाकावर बसून रडत होत्या. "वर जाऊन हॉस्पिटलला फोन लावून तुझ्या लेकीची चौकशी करत होते रे," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी हॉस्पिटलात गेलो. लेकीने सगळं टीव्हीवर पाहिलं होतं.

"एका मताने गेलं ना, बाबा?"

"एक बाई बाहेर राहिल्या," मी म्हणालो.

दार कोणी लावलं, हे तिने विचारलं नाही. लहानपणी ती घरात तोंडाने घंटा वाजवायची, मला बाहेर ठेवून दार लावायची आणि खिदळायची. तिने माझा उजवा हात ओढून घेतला आणि कितीतरी वेळ कुरवाळत राहिली.