कुठलंही चालेल

कंपनीच्या निरोपात सगळं स्वच्छ लिहिलं होतं. दुपारी चारला व्हिडिओ कॉल. तुम्ही पाठवलेला प्रोग्राम तुमच्या घरच्याच कॉम्प्युटरवर चालवून दाखवायचा. आणि खाली, जाता जाता लिहावं तसं: 'रनटाइमचं व्हर्जन कुठलंही चालेल.'

कुठलंही! अहो, लहान बाळाच्या आईला असं कोणी लिहितं का? बाळासाठी कुठलाही सौम्य साबण चालेल असं डॉक्टर म्हणाले, तरी मी 'पण त्यातल्या त्यात?' असं विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठले नव्हते. डॉक्टरांनी शेवटी त्यांच्या घरातल्या साबणाचं नाव सांगून माझी बोळवण केली.

या भानगडीत कधी पडावं लागलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राम म्हणजे कागदावर लिहिलेलं गाणं. कागद आपणहून गात नाही, त्याला गाणारा लागतो. तो गाणारा म्हणजे रनटाइम. दर थोड्या वर्षांनी त्याचं नवं व्हर्जन येतं. नवा गाणारा चपळ असतो, पण जुनं गाणं कधीकधी आपल्याच चालीवर म्हणतो, आणि जुन्या गाणाऱ्याला नव्या गाण्यातली अक्षरंच लागत नाहीत. माझ्यासमोर चार होते: आठ, अकरा, सतरा आणि एकवीस.

ठकी झाल्यापासून जिथे जिथे अर्ज केला तिथून 'कळवतो' एवढंच आलं होतं आणि कळवलं कोणीच नव्हतं. (ठकी हे तिचं खरं नाव नाही, पण खऱ्या नावाने तिला हाक मारलेली मला तरी आठवत नाही.) ही कंपनी ग्रंथालयांसाठी सॉफ्टवेअर करते. काम घरून करायचं. प्रोग्राम चालला तर नोकरी माझी, नाही चालला तर पुन्हा 'कळवतो'. एवढा साधा हिशेब होता.

मी लोकांच्या तक्रारी वाचायला बसले. एकवीस घातल्याने एकाचा प्रिंटर रुसला होता. सतरा घातल्यावर दुसऱ्याची अक्षरं बारीक झाली होती. अकराबद्दल कोणी काहीच वाईट लिहिलं नव्हतं, त्यामुळे मला अकराचाच जास्त संशय आला.

"अगं, भाजीवाल्याकडे तरी एवढा वेळ निवडत बसत नाहीस," आई म्हणाल्या.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या घरात कॉम्प्युटर एकच, पुढच्या खोलीत, आणि त्याच्या शेजारी आईंचं भरतकामाचं मशीन. कॉम्प्युटरमधून एका वायरीने नक्षी मशीनला जाते आणि मशीन ती कापडावर भरतं. सध्या पोहण्याच्या क्लबचं काम चालू होतं. मुलांच्या टॉवेलांच्या कोपऱ्यात एकेक पिवळं बदक, सुपारीएवढं. संध्याकाळी क्लबचे सर टॉवेल न्यायला येणार होते. आईंचा नक्षीचा प्रोग्राम पुरातन आहे, तो फक्त आठ मानतो.

"माझ्या आठला हात लावू नकोस," त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या. "बाकी तुला काय पसारा मांडायचा तो मांड."

मी पसारा मांडला. आठ होताच, बाकीचे तिन्हीही मी घातले.

हसू नका. ठकीला घेऊन कोपऱ्यावर जायचं तरी माझ्या पिशवीत चार झबली, दोन टोप्या, छत्री आणि थर्मामीटर असतो. आई म्हणतात, पोरीपेक्षा पिशवी जड. कोणतंही एक निवडलं की बाकीची तीन माझ्याकडे डोळे वटारून बघतात, त्यापेक्षा सगळीच असू देत. कॉम्प्युटरचंही तेच केलं. कॉम्प्युटर या गाणाऱ्यांची रांग लावतो; एकवीस शेवटी बसलं, ते रांगेत सगळ्यांत पुढे उभं राहिलं, माझा प्रोग्राम त्यावर फुलासारखा उघडला आणि मी खुर्चीतल्या खुर्चीत एक गिरकी घेतली.

मग आईंचं आठबद्दलचं बोलणं आठवलं. रांगेत जो पुढे असतो तोच हाकेला ओ देतो. म्हणजे आता आईंच्या बदकाला एकवीस ओ देणार! मी घाईघाईने आठला पुढे आणलं. आईंनी बदक सुरू केलं, ते सुपारीएवढंच आलं. माझा जीव भांड्यात पडला आणि तिथेच राहिला, कारण त्यानंतर माझा स्वतःचा प्रोग्राम पुन्हा उघडून बघायचं मला सुचलंच नाही. ठकीच्या दुधाची बाटली मी उकळल्यावर पुन्हा उकळते, आणि इथे मात्र विसरले.

चारच्या आधी आईंनी नवा टॉवेल लावला. मशीन खटखटखटखट सुरू झालं आणि त्या आवाजावर ठकी झोपली. ती त्याच आवाजावर झोपते. अंगाई, पाळणा, पुस्तकात दिलेले सगळे उपाय करून झालेत, तिला सुईचा खटखटाट लागतो.

"आई, कॉल संपेपर्यंत मशीन थांबवू नका हं."

"मी कशाला थांबवतेय? एक संपलं की दुसरं लावते. तू तुझं बघ."

कॉलवर कंपनीच्या मॅडम आल्या. केस वर बांधलेले, आवाज नेमका, मागे पांढरी भिंत. मागे माझ्या काय दिसत होतं ते विचारू नका.

"नमस्कार. तो आवाज कसला?"

"भरतकामाचं मशीन. बंद केलं तर बाळ उठतं."

"बरं. चालवा तुमचा प्रोग्राम."

मी चालवला. पडद्यावर एकच ओळ आली. हा प्रोग्राम नव्या रनटाइमसाठी बांधलेला आहे, मला वाचता येत नाही. समोर आठ उभा होता आणि तो माझ्या गाण्याकडे बघून खांदे उडवत होता.

माझ्या कानातून वाफ आली असावी. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. त्या बघण्यात मला तो जुना 'कळवतो' अगदी स्पष्ट ऐकू आला.

"एक मिनिट," मी म्हणाले आणि काही विचार न करता एकवीसला रांगेत पुढे ढकललं. प्रोग्राम उघडला! पुस्तकांची नावं आली, वाचकांची नावं आली, कोणाचं पुस्तक कधी परत यायचं ते सगळं रांगेत आलं. मी श्वास सोडला. आणि बरोबर त्याच क्षणी आईंचं बदक पूर्ण झालं. आईंची एक सवय आहे. एक टॉवेल झाला की त्या नक्षीचा प्रोग्राम बंद करतात आणि पुढच्यासाठी नव्याने उघडतात. चालू ठेवलं की झिजतं, असं त्यांचं म्हणणं. ठकीने कूस बदलायच्या आत त्यांनी नवा टॉवेल लावला, माझ्या खांद्यावरून हात घालून माउसने प्रोग्राम उघडला, कॅमेऱ्याकडे बघून नमस्कार केला आणि मशीन चालू केलं.

मी मॅडमना शोध कसा घ्यायचा ते दाखवत होते. मॅडम माझ्याकडे बघतच नव्हत्या.

"तुमच्या मागे ते काय येतंय?"

मी वळले. टॉवेलवर एक पिवळी कड चालली होती. चालली होती, चालली होती आणि वळायचं नावच घेत नव्हती.

"अगं बाई!" आई म्हणाल्या. "हे बदक आहे का शहामृग?"

"आई, थांबवा!"

"थांबवलं तर ठकी उठेल!"

"मग चालू द्या!"

"चालू द्या काय, अजून पोटच भरतंय, पाय यायचेत!"

नव्या गाणाऱ्याने जुनं गाणं आपल्या चालीवर धरलं होतं. एकवीसच्या डोळ्यांना पडद्यावरचं सगळं बारीक वाटलं म्हणून त्याने नक्षीसकट सगळंच कैक पटींनी मोठं केलं. चोच टॉवेलच्या मध्यावर पोचली होती. मी मॅडमकडे बघितलं, त्या ओठ दाबून बसल्या होत्या. मग ओठ सुटले आणि त्या इतक्या हसल्या की पांढरी भिंत हलली. ती भिंत नव्हतीच, पडदा होता. मागे कपडे वाळत घातलेले दिसले.

"किती व्हर्जनं घातलीत तुम्ही?" त्यांनी डोळे पुसत विचारलं.

"सगळी."

"का?"

"तुम्ही कुठलंही म्हणालात."

त्या पुन्हा हसल्या, पण मग एकदम सरळ बसल्या. "ऐका. आमच्या ग्रंथालयांत अशीच अवस्था आहे. एकच कॉम्प्युटर, त्यावर जुनंही हवं आणि नवंही. आम्ही नवं घालतो आणि त्यांचं काहीतरी बिघडतं. रोज फोन. तुमचा प्रोग्राम मला आवडला, तो मी आधीच वाचलाय. मला बघायचंय तुम्ही या बदकाचं काय करता. आत्ता, माझ्यासमोर."

मशीन खटखटत होतं. बदकाला पाय फुटत होते. आणि गंमत म्हणजे माझी भीतीच संपली. भिऊन भिऊन जे व्हायला नको होतं ते झालं होतं, पिवळ्या रंगात, सगळ्यांदेखत. आता आणखी काय होणार?

"रांगच नको," मी म्हणाले. "रांगेत कोण पुढे यावर कशाला सोडायचं? प्रत्येकाला त्याचा गाणारा नावानिशी नेमून देते." आईंचा प्रोग्राम पडद्यावरच्या ज्या चित्राला टिचकी मारून उघडतो, त्याच्यामागे एक ओळ लिहिली: तुला आठच. माझ्या प्रोग्रामला दुसरी: तुला एकवीस. हे मला कॉलेजपासून येत होतं. सकाळपासून लोकांच्या तक्रारी वाचताना डोक्यात त्याला बसायला जागाच उरली नव्हती.

राक्षसी बदक संपलं. मशीन थांबलं. ठकीने लगेच भोकाड पसरलं. मी तिला उचलून मांडीवर घेतलं आणि एका हाताने माझा प्रोग्राम उघडला. आईंनी नवा टॉवेल लावून त्यांचा उघडला. आम्ही तिघी आणि पडद्यातल्या मॅडम, चौघी सुईकडे बघत राहिलो.

सुपारीएवढं! आणि इकडे पुस्तकं रांगेत उभी.

"छान," मॅडम म्हणाल्या. "आणि अकरा, सतरा कोण वापरतं?"

"कोणी नाही."

"मग?"

"असू देत ना, लागली तर..." मी म्हणाले. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. आईही बघत राहिल्या, ठकीसुद्धा. मी अकरा काढलं. काही झालं नाही. सतरा काढलं. घर जागच्या जागी होतं. इतकं हलकं वाटलं की मला दिसेल ते काढावंसं वाटायला लागलं, आणि मॅडम घाईने म्हणाल्या, "पुरे, पुरे! आठ राहू द्या."

मग त्यांनी विचारलं, "दुपारी बारा ते चार कामाला बसू शकाल?"

"ही झोपली तर."

"झोपेल?"

"ते कुठल्याच व्हर्जनमध्ये सांगता येत नाही."

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे, कुठे येऊ नका. तिथेच बसा. आणि त्या मोठ्या टॉवेलचं काय करणार?"

उत्तर आईंनी माझ्या डोक्यावरून कॅमेऱ्यात वाकून दिलं. "क्लबच्या सरांना देते. त्यांच्या पोटाला बरोबर होईल."

कॉल बंद झाला. मी हसायला लागले ते थांबेचना.

"लागली का गेली?" आईंनी विचारलं.

"लागली!"

"मग तोंड असं काय रडल्यासारखं?"

"हसतेय हो मी!"

"मग नीट हस. पोरगी घाबरेल."

पण ठकी घाबरली नव्हती. ती माझ्या नाकाला धरून खिदळत होती. आईंनी तिला माझ्याकडून काढून घेतलं आणि खोलीभर नाचवलं, स्वतःही नाचल्या. त्यांच्या खांद्यावरची मोजपट्टी मागे शेपटीसारखी उडत होती. मी नवऱ्याला फोन लावला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. कुठल्या तरी उंच इमारतीत लिफ्टच्या टपावर उभा होता, दोन्ही हात ग्रीसने भरलेले, म्हणून त्याने फोन स्पीकरवर घेतला.

"पटकन बोल."

"लागली!" मी ओरडले.

माझा आवाज लिफ्टच्या त्या लांबलचक बोगद्यातून वर गेला, खाली गेला, पुन्हा वर आला. लागली, लागली, लागली. मग बहुतेक खूप वरच्या मजल्यावरून, बंद दाराआडून, एका अनोळखी बाईचा आवाज आला.

"अभिनंदन हो!"

आणि खालून कोणीतरी विचारलं, "काय लागली? लिफ्ट?"